सोनारच्या नकाशावर जहाजाच्या वाटेचे पट्टे उमटतात. समुद्रतळाची वर्गवारी खरी मानावी का?

माहीकाठ, बडोदा

नमस्कार. मी बडोद्यात भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रबंधासाठी मला पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका लहान क्षेत्राचा मल्टीबीम सोनारचा, म्हणजे जहाजाखालून तळाकडे एकाच वेळी अनेक कोनांत ध्वनी सोडून परतीचा ध्वनी नोंदणाऱ्या यंत्राचा, जुना डेटा मिळाला आहे. तेथील खोली साधारण २० ते ३० मीटर असून सोनारची वारंवारता ३०० किलोहर्ट्झ आहे. त्याच मोहिमेत ग्रॅबने, म्हणजे तळावर सोडून मिटणाऱ्या जबड्याच्या साधनाने, उचललेले १४ नमुनेही आमच्याकडे आहेत. तळावरून परत आलेल्या ध्वनीच्या तीव्रतेवरून, म्हणजे ज्याला सगळे बॅकस्कॅटर म्हणतात त्यावरून, चिखल, रेती आणि खडक असा तीन वर्गांचा नकाशा करायचा, असे माझे काम आहे.

मी नोंदलेली तीव्रता जशीच्या तशी घेऊन १ मीटरच्या चौकटींत मांडली. प्रत्येक नमुन्याच्या भोवती २० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून आतल्या सर्व चौकटींना त्या नमुन्याचा वर्ग दिला, आणि तीव्रता, खोली, उतार व स्थानाचे दोन निर्देशांक एवढी माहिती रँडम फॉरेस्टला, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून वर्ग ठरवणाऱ्या संगणकीय पद्धतीला, पुरवली. चौकटींपैकी ७० टक्के शिकवण्यासाठी आणि ३० टक्के परीक्षेसाठी ठेवल्या होत्या. परीक्षेत ९६ टक्के चौकटी बरोबर आल्या. परंतु नकाशा छापून भिंतीवर लावला तेव्हा माझा आनंद टिकला नाही. जहाजाच्या प्रत्येक फेरीच्या मधोमध खडकाची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना रेती आणि कडेला चिखल, असे पट्टे एकामागून एक जहाजाच्या वाटेला समांतर उमटले आहेत. वर्गातील काहींनी सुचवले की परीक्षेचा निकाल चांगला असल्यामुळे पट्टे फिल्टरने पुसून टाकावेत. माझे मन त्याला तयार होत नाही. हे पट्टे तळाचे आहेत की मोजणीचे, आणि मोजणीचे असतील तर दुरुस्तीला सुरुवात कोठून करावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

खोलमापक

तुमचे मन तयार झाले नाही हे फार चांगले झाले. पट्टे पुसू नका. ते तळाचे नाहीत, कोनाचे आहेत, आणि ते का उमटले हे समजून घेतले तर अर्धा प्रबंध तेथेच उभा राहील. मी सर्वेक्षणाच्या जहाजांवर बरीच वर्षे काम करून आता बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी, परतलो आहे. या विषयावर कोणी आपणहून विचारले की मला लिहिल्यावाचून राहवत नाही, म्हणून उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपण कुंभाराकडे माठ घ्यायला जातो तेव्हा बोटाने टिचकी मारून पाहतो. पक्का भाजलेला माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. पण टिचकी काठावर मारली तर आवाज एक येतो आणि पोटावर मारली तर दुसरा. म्हणून दोन माठांची तुलना करायची तर दोन्हींना एकाच जागी आणि सारख्याच जोराने वाजवावे लागते. मल्टीबीम सोनार एकाच पिंगमध्ये, म्हणजे ध्वनी एकदा सोडून, बरोबर खालच्या तळाला सरळ वाजवतो आणि बाजूच्या तळाला ६० अंश किंवा त्याहूनही तिरके वाजवतो. तुम्ही या सगळ्या आवाजांना एकाच मापाने तोलले, त्यामुळे तुमच्या संगणकाने माठाचा प्रकार न ओळखता टिचकीची जागा ओळखली.

हे आकड्यांत पाहू. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. पाण्याने भरलेल्या रेतीची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते आणि तीत ध्वनी सुमारे १७०० मीटर वेगाने जातो. मऊ चिखलाची घनता पाण्याच्या दीडपटीहून कमी असते आणि वेग पाण्याएवढाच राहतो. घनता आणि वेग यांचा गुणाकार करून सरळ पडलेल्या ध्वनीचे परावर्तन काढले, तर रेतीवरून एक तृतीयांशाहून थोडा अधिक ध्वनिदाब परत येतो आणि चिखलावरून साधारण १५ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक सात-आठ एवढाच भरतो. आता वाटेचा हिशेब करा. २५ मीटर खोलीवर बरोबर खाली जाणारा ध्वनी २५ मीटर जातो, तर ६० अंशांवर तिरका जाणारा ५० मीटर जातो. अंतर दुप्पट झाल्यामुळे, केवळ पसरण्याने, जाण्यायेण्यात त्याची तीव्रता १२ डेसिबलने अधिक घटते. म्हणजे जो फरक तुम्हाला शोधायचा आहे त्याहून वाटेतली घट मोठी आहे. ती आधी भरून काढल्याशिवाय कोणतीही पद्धत रेतीला चिखलापासून वेगळे करू शकणार नाही.

पहिले काम कंटाळवाणे आहे, पण तेच सर्वांत महत्त्वाचे: तुमच्या फाइलमधल्या आकड्यांवर सोनारने स्वतः कोणती दुरुस्ती आधीच करून ठेवली आहे ते शोधा. बऱ्याच यंत्रांत वेळेनुसार वाढत जाणारे विवर्धन, म्हणजे उशिरा परतलेला ध्वनी अधिक वाढवून नोंदणे, आपोआप लागलेले असते, आणि काहींत कोनाचीही ढोबळ दुरुस्ती झालेली असते. ते न पाहता पुन्हा दुरुस्ती केली, तर पट्टे उलटे होतात, म्हणजे मधोमध चिखल आणि कडेला खडक दिसू लागतो. मोहिमेची नोंदवही मिळाली तर तीही ओळ न ओळ वाचा. चालू फेरीत कोणी ध्वनीची शक्ती किंवा पल्सची, म्हणजे सोडलेल्या ध्वनीच्या एका ठोक्याची, लांबी बदलली असेल, तर त्या क्षणापासून नकाशावर एक आडवी रेघ दिसेल आणि ती तळाची सीमा वाटेल.

त्यानंतर पाण्यात शोषल्या जाणाऱ्या ध्वनीचा हिशेब येतो. ३०० किलोहर्ट्झला समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम सल्फेट ध्वनी बराच खाते, आणि ते किती खाईल हे तापमान व क्षारता यांवर ठरते. त्यासाठी फ्रँकोइस आणि गॅरिसन यांनी १९८२ मध्ये मांडलेली सूत्रे आजही वापरतात. शोषणाचा आकडा किलोमीटरला २० डेसिबलने चुकला, तर तुमच्या २५ मीटर खोलीवर मध्यभागी १ डेसिबलची आणि ६० अंशांवर २ डेसिबलची चूक होते. तेवढी एकवेळ खपून जाईल. तीच चूक १०० मीटर खोलीवर अनुक्रमे ४ आणि ८ डेसिबल होते, आणि मग पुन्हा पट्टे दिसू लागतात. आपल्या खंबातच्या आखातासारख्या ठिकाणी, जेथे साबरमती, मही, नर्मदा आणि तापी गोडे पाणी आणून सोडतात आणि भरतीओहोटीचा प्रवाह गाळ सतत ढवळत ठेवतो, तेथे एकाच दिवसात हा आकडा बदलू शकतो.

मग ध्वनीने तळाचा किती भाग उजळला याचा हिशेब करावा लागतो. मध्यभागी हे क्षेत्र किरणाच्या रुंदीवर ठरते आणि तिरक्या बाजूला पल्सच्या लांबीवर. तळ सपाट नसेल तर खोलीच्या नकाशावरून खरा आपाती कोन, म्हणजे ध्वनी तळाला प्रत्यक्ष ज्या कोनात लागतो तो, काढावा. तळ सपाट आहे असे धरून काढलेला कोन उतारावर फसवतो.

इतके केल्यावर जे उरते ते तळाचे स्वतःचे वागणे. बरोबर खाली पडलेला ध्वनी आरशावरून यावा तसा जोरात परततो, तिरका पडलेला विखुरतो, आणि ६० अंशांच्या पुढे परतीचा ध्वनी झपाट्याने कमी होतो. म्हणून शेकडो पिंगांवरून प्रत्येक कोनाची सरासरी काढून सर्व आकडे ४५ अंशांच्या पातळीला आणण्याची रीत आहे, आणि तिने तुमचे पट्टे बहुतांशी जातील. परंतु येथेच मला तुम्हाला थांबवून एक गोष्ट सांगायची आहे. कोनानुसार तीव्रता कशी उतरते, त्या वक्राचा आकारच तळाची ओळख असतो. मऊ, गुळगुळीत चिखलाचा वक्र मध्यभागी टोकदार असतो आणि दहा-पंधरा अंशांतच खाली कोसळतो. खडबडीत खडकाचा वक्र जवळजवळ सपाट राहतो. रेती या दोहोंच्या मध्ये असते. नकाशा सुबक दिसावा म्हणून हा वक्र काढून फेकला, तर वर्गवारीला लागणारी सर्वांत मोलाची खूणही त्याबरोबर जाते. फोन्सेका आणि मेयर यांनी २००७ मध्ये याच वक्रावरून तळाचे गुणधर्म काढण्याची पद्धत मांडली होती. तेव्हा नकाशासाठी ४५ अंशांवर आणलेले आकडे घ्या, पण प्रत्येक वक्राचा उतार आणि मध्यभागाची उंची वेगळ्या स्तंभांत जपून ठेवा.

मांजलपूर_सांख्यिकी

ध्वनीबद्दल वर जे लिहिले आहे त्यात भर घालण्याएवढे माझे ज्ञान नाही, पण ९६ टक्क्यांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो आकडा प्रबंधात छापला गेला तर पुढे कोणीतरी तो खरा मानेल.

२० मीटर त्रिज्येच्या एका वर्तुळात १ मीटरच्या सुमारे १२५० चौकटी बसतात. १४ वर्तुळांच्या मिळून १७,५०० चौकटी झाल्या. त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा ३० टक्के परीक्षेसाठी उचलल्या, तर परीक्षेतल्या प्रत्येक चौकटीची शेजारीण शिकवणीत बसलेली असते. शिवाय तुम्ही स्थानाचे निर्देशांकही पुरवले आहेत, त्यामुळे झाडांना ध्वनीकडे पाहण्याची गरजच उरली नाही. अमुक जागी आहे म्हणजे अमुक वर्ग, एवढे पाठ केले तरी पुरते. तुमच्याकडे १७,५०० स्वतंत्र निरीक्षणे नाहीत, १४ आहेत.

म्हणून निर्देशांक काढून टाका. एक संपूर्ण वर्तुळ बाजूला ठेवून उरलेल्या १३ वर शिकवा, बाजूला ठेवलेल्यावर तपासा, आणि असे १४ वेळा करा. निकाल बराच खाली येईल. तो खाली आलेला आकडाच छापा, आणि त्यासोबत कोणता वर्ग कोणत्या वर्गात मिसळतो ती सारणीही द्या, कारण चिखल आणि रेती एकमेकांत मिसळणे वेगळे, आणि चिखल खडकात मिसळणे वेगळे.

आणखी एक विचारायचे आहे. तुमचे खडकाचे नमुने कोठून आले? ग्रॅब खडक उचलू शकत नाही. ग्रॅब रिकामा आला म्हणून नोंदवहीत खडक लिहिले असेल, तर तो पुरावा अपुरा आहे, कारण जबड्यात एखादा शिंपला अडकून ते उघडे राहिले तरी सगळा चिखल वाटेत धुऊन जातो आणि ग्रॅब रिकामाच वर येतो.

आखात_२००१

या चर्चेत मला आपल्या दाराशी घडलेली एक गोष्ट आठवते, आणि ती येथे सांगणे मला गरजेचे वाटते, कारण बडोद्यात आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो आणि दिवसचे दिवस तिच्यावर बोलत होतो.

मे २००१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी जाहीर केले की खंबातच्या आखाताच्या तळाशी प्राचीन वस्तीचे अवशेष सापडले आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या साइडस्कॅन सोनारच्या, म्हणजे जहाजामागे ओढत नेऊन दोन्ही बाजूंच्या तळाचे ध्वनिचित्र काढणाऱ्या यंत्राच्या, पाहणीत चौकोनी, सरळ रेषांच्या आकृत्या दिसल्या होत्या. पुढे तळ खरवडून वर काढलेल्या वस्तूंत लाकडाचा एक तुकडा होता, आणि कार्बन पद्धतीने त्याचे वय सुमारे ९५०० वर्षे निघाले. आमच्यासाठी ती अभिमानाची बातमी होती. परंतु अनेक पुरातत्त्वज्ञांनी जो आक्षेप घेतला तो आजही मला योग्य वाटतो: लाकूड ९५०० वर्षांपूर्वीचे असेलही, पण ज्या आखातात भरती दहा मीटरपर्यंत चढते आणि प्रवाह तळ सतत हलवत राहतो, तेथे खरवडून काढलेली वस्तू मुळात त्याच जागची होती हे त्या वयावरून सिद्ध होत नाही. आणि साइडस्कॅनवरच्या सरळ रेषा माणसानेच आखल्या हे चित्रावरून ठरत नाही.

साइडस्कॅन वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच्या सावल्यांतून जे मोजता येते ते फार सुंदर आहे. ओढले जाणारे यंत्र तळापासून १० मीटर उंचीवर असेल, एखाद्या वस्तूची सावली ४ मीटर लांब पडली असेल आणि सावलीचे टोक यंत्रापासून ४० मीटरवर असेल, तर वस्तू १ मीटर उंच आहे हे साध्या त्रैराशिकाने निघते. पण वस्तूची उंची कळली म्हणजे वस्तू कशाची आहे हे कळले असे होत नाही. रेतीच्या लाटा, खडकांचे सांधे, जहाजाच्या डोलण्यामुळे वाकलेल्या ओळी, या सगळ्यांतून नियमित आकृती उमटू शकते. प्रश्नकर्तीला माझी विनंती एवढीच आहे की नकाशाच्या सूचीत वर्गांना नावे देण्याआधी प्रत्येक नावामागे हातात धरता येईल असा नमुना आहे का, हे तपासावे.

माहीकाठ, बडोदा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटत नव्हते.

खोलमापक काका, तुमचा अंदाज खरा ठरला. फाइलींत विवर्धन आधीच लागलेले होते. ते काढून सर्व दुरुस्त्या नव्याने केल्या आणि आकडे ४५ अंशांवर आणले. पट्टे गेले. बरोबर मधोमध एक अरुंद रेघ मात्र अजून राहिली आहे. दोन वेगळ्या तळांची सीमा जेथे असावी असे वाटते, तेथे ही रेघ अधिक ठळक होते. पिंगांच्या सरासरीत दोन्ही तळ एकत्र मिसळत असावेत असे मला वाटते.

एकेक वर्तुळ बाजूला ठेवून तपासले तेव्हा १४ पैकी ९ ठिकाणी वर्ग बरोबर आला. हा आकडा पाहून पहिल्या दिवशी वाईट वाटले, पण मग चुकलेल्या पाच जागांचे नमुने मी विभागाच्या कपाटातून काढून घेतले. त्यांतील तीन पिशव्यांवर रेती असे लिहिले होते. एक पिशवी परातीत ओतली. करडा, चिकट चिखल बोटांना लागला आणि तो चोळताना आत काहीतरी करकरले. चाळणीवर पाणी सोडत राहिले, चिखल वाहून गेला, आणि २ मिलिमीटरच्या जाळीवर शिंपल्यांचे तुकडे उरले: काही नखाएवढे, काही तांदळाच्या कणीएवढे, एक तर अख्खा, दोन्ही झडपा मिटलेला. रेतीचे कण त्यात अगदी थोडे होते. ३०० किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी ५ मिलिमीटर भरते, आणि जाळीवर उरलेले बरेचसे तुकडे त्याच मापाचे होते. त्यांच्यावरून ध्वनी जोरात विखुरला आणि सोनारने चिखलाला रेतीच्या तोडीचा आकडा दिला. डेकवर ज्यांनी नोंद केली त्यांनी बोटाला लागलेली करकर रेतीची समजली असावी. म्हणजे नमुन्याची चिठ्ठी आणि सोनारची तीव्रता दोन्ही एकाच दिशेने चुकत होत्या, आणि केवळ पहिल्या ९६ टक्क्यांकडे पाहत राहिले असते तर दोन्ही जुळतात म्हणून मी समाधान मानले असते.

खडकाच्या तिन्ही नोंदी रिकाम्या ग्रॅबच्याच आहेत, हेही नोंदवहीत सापडले.

आता मी असे करायचे ठरवले आहे. तीव्रता, वक्राचा उतार आणि मध्यभागाची उंची यांवरून कोणतेही नाव न देता चौकटींचे गट पाडले. पाच गट स्थिर राहतात. त्यांपैकी तीन गटांना नमुन्यांचा आधार आहे, त्यांना चिखल, शिंपलेयुक्त चिखल आणि रेती अशी नावे देईन. उरलेल्या दोन गटांना सूचीत केवळ ध्वनिवर्ग ४ आणि ध्वनिवर्ग ५ असे लिहीन. यावर परीक्षक आक्षेप घेतील का, एवढीच काळजी वाटते.

खोलमापक

घेऊ देत. मी परीक्षक असतो तर ४ आणि ५ पाहून प्रबंध पुढे वाचला असता. नाव नसलेल्या वर्गांच्या जागा नकाशावर ठळक दाखवा आणि पुढच्या मोहिमेने तेथे ग्रॅबबरोबर पाण्याखालचा कॅमेरा उतरवावा असे स्पष्ट लिहा.

मधल्या रेघेबद्दल: तुमचा तर्क बरोबर आहे. सरासरीसाठी एकामागून एक येणारे पिंग घेण्याऐवजी, तुमच्याच पाच गटांपैकी एकाच गटात मोडणारे पिंग वेगळे काढून प्रत्येक गटाचा वक्र स्वतंत्र काढा आणि दुरुस्ती पुन्हा करा. दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांत रेघ बरीच फिकी होईल. त्याचबरोबर मुख्य फेऱ्यांना आडव्या गेलेल्या तपासणीच्या फेऱ्या या डेटात आहेत का ते पाहा. त्या सहसा घेतलेल्या असतात आणि कपाटात तशाच पडून राहतात. छेदाच्या जागी तोच तळ दोन वेगवेगळ्या कोनांतून वाजवलेला असतो. दोन्हींतून एकच वर्ग निघाला तर तो तळाचा आहे, आणि वेगळे निघाले तर किती डेसिबलने वेगळे ते येथे कळवा.

ती शिंपल्यांची चाळण फेकून देऊ नका. वाळवून, वजन करून, नमुन्याच्या क्रमांकासह बरणीत ठेवा.